शब्दाला वळसा

ती. वहिनींस,

तुमच्या एकुलत्या एका नणंदेचा (दुसरी असती तर तुम्ही कधीच घर सोडून गेला असतात, असं दादा म्हणतो) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डावा की उजवा, ते मी मुद्दामच लिहीत नाही. मागच्या पत्रात मी उजव्याची चौकशी केली, तर तुम्ही दुखऱ्या डाव्याबद्दल अवाक्षर न काढता "उजवा ठणठणीत आहे" एवढंच कळवलंत. दादाचा खोकला काय म्हणतो? तो औषध खरंच घेतो, की नेहमीसारखा बाटलीवरचा मजकूर वाचूनच बरा होतो? मी मजेत आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, तेव्हा या वाक्यावर फार वेळ थांबू नका.

पत्र लिहायचं कारण असं की मी थोडीशी प्रसिद्ध झाले आहे. हसू नका. वाचनालयाच्या माडीवर दुपारी चार ते सहा मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, हे तुम्ही एकोणतीस वर्षं ऐकत आला आहात (आणि एकोणतीस वर्षांत एकदाही "मलाही शिकवा" म्हणाला नाहीत, तो विषय आज नको). माझी पद्धत अगदी सोपी होती. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं, आणि कुणी चुकलं की मी चष्म्याच्या वरून बघायचं. या बघण्यानेच निम्मं इंग्रजी येतं असा माझा समज होता. मग यंदा संस्थेने एक नवी निरीक्षिका नेमली. वय माझ्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी कमी, आणि काखेत नेहमी एक जाड फाईल, म्हणून मी तिचं नाव फाईलबाई ठेवलं. तिने आम्हा सगळ्या शिक्षकांना तीन दिवसांच्या कार्यशाळेला बसवलं. तिथे कागदी पेल्यातून कोमट चहा पीत आम्हाला कळलं की भाषा शिकवायची नसते, ती शिकायची कशी ते शिकवायचं असतं. मी वहीत लिहिलं, "पाण्यात उतरवायचं नाही, ओलं कसं व्हायचं ते सांगायचं." शेजारच्या शिक्षिकेने ते सुविचार समजून उतरवून घेतलं.

तर युक्त्या. धडा वाचण्याआधी नुसतं नाव बघून आत काय असेल त्याचा अंदाज करा. शब्द अडला की शब्दकोशाकडे धावू नका, त्याच्या शेजारचे शब्द बघा, त्यांच्यावरून अर्थ ओळखा. रोज संध्याकाळी वहीत लिहा, आज काय शिकलो, कुठे अडलो, कसे सुटलो. इंग्रजीत स्वतःशी बोला. (या युक्तीला मी हात वर करून म्हटलं की ती माझ्या शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून जुनी माहीत आहे.) घरातल्या आणि कामाच्या ठिकाणच्या वस्तूंवर त्यांच्या इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या डकवा. मी मनातून सगळ्याला नाकं मुरडली आणि सोमवारी वर्गात सगळं इमानेइतबारे सांगितलं. सरकारी असो की सासरची, आज्ञा पाळताना तोंड वाकडं करायची मुभा असते.

आमच्या वर्गात एक बसचालक आहेत. त्यांनी चिठ्ठ्यांची युक्ती इतकी मनावर घेतली की गुरुवारी सकाळी सगळी बस डकवून टाकली. आसन, दांडी, घंटी, खिडकी, आरसा, काही सोडलं नाही. डिंक मात्र पातळ झाला असावा. बस वेगात आली, वारा आत शिरला, आणि पायाजवळची 'ब्रेक' ही चिठ्ठी सुटून तरंगत तरंगत मागे गेली ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मांडीवर. ते वाचू शकत होते, हेच दुर्दैव. त्यांनी चिठ्ठी उंच धरून "अहो, ब्रेक निघाला!" अशी बोंब ठोकली. पुढच्या थांब्यावर बस रिकामी झाली. चालकाने सगळ्यांना समजावलं की हा गृहपाठ आहे, पण गृहपाठ म्हटल्यावर उरलेसुरले दोघेही उतरले. त्यांच्या वरिष्ठांचा खुलासा मागणारा कागद आला, तो इंग्रजीत होता, आणि चालकाने शेजारच्या शब्दांवरून त्याचा अर्थ बरोब्बर ओळखला, हे मात्र मी अभिमानाने सांगते. दुसऱ्या आहेत इस्पितळातल्या आयाबाई. त्यांच्या वहीतली पहिली नोंद अशी होती: "आज अडले, डॉक्टरांपुढे. सुटले, ते गेल्यावर." तिसरे आमचे शिंपीकाका. बासष्ट-त्रेसष्टचे, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच घालून येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि कुणाकडेही बघताना खांद्यापासून कमरेपर्यंत बघतात. ते बोलत नाहीत. त्यांच्या वहीत तीन महिने एकच वाक्य होतं, "आज ऐकलं."

पण खरी गंमत शेवटच्या युक्तीची. बोलताना एखादा शब्द आठवला नाही तर थांबायचं नाही, त्या शब्दाला वळसा घालून पलीकडे जायचं. वस्तूचं नाव नाही आलं तर ती कशी दिसते, कशासाठी असते, ते सांगायचं. समोरचा शब्द देतो, आपण तो घ्यायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. कार्यशाळेत याला लांबलचक नाव होतं, मी त्याला नुसतं 'वळसा' म्हटलं आणि वर्गाला तो चटकन जमला. बसचालकाला कानात घालायचे थेंब हवे होते, तर त्यांनी औषधवाल्याकडे "डोक्याच्या बाजूच्या दारात सोडायचं पाणी" मागितलं आणि ते मिळालं. आयाबाईंनी हमालाकडून "हातात धरून नेता येणारा जिना" आणवला. माझ्या वर्गाला कंठ फुटला, वहिनी. मी मात्र हे सगळं लांबून, काठावर बसून बघत होते, कारण मला शब्द येत होते.

मग एका मंगळवारी फळा भरला. मी हात पुढे केला आणि पहिल्या बाकावरच्या आयाबाईंना म्हणाले, जरा ते द्या. काय ते, असं त्यांनी विचारलं. आणि शब्द आला नाही. इंग्रजी आला नाही म्हणून मी मनात मराठी शोधला, तर तोही नाही. जिभेवर असतो आणि ओठावर येत नाही, तसं नव्हे, तसं तर सगळ्यांचंच होतं. इथे जीभच रिकामी होती. सगळा वर्ग बघतोय, आणि मी एकोणतीस वर्षांची मास्तरीण हात पुढे करून उभी. शेवटी मी इंग्रजीत म्हणाले, "ती मऊ वस्तू, जिच्यामुळे फळा सगळं विसरतो." आणि मग काय टाळ्या पडल्या म्हणता! त्यांना वाटलं, बाईंनी वळसा करून दाखवला. दारात फाईलबाई उभी होती, ती कधी आली मला माहीत नाही. तिने अहवालात 'उत्स्फूर्त आणि अत्यंत परिणामकारक' असं लिहिलं. मी खोटं काही बोलले नाही, वहिनी. मी फक्त टाळ्या थांबायची वाट पाहिली. (डस्टर. घरी आल्यावर, चपला काढताना, आपोआप आला.)

पुढे ते आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, मग दोनदा, मग रोजच. छत्री गेली, चावी गेली, एकदा तर 'बुधवार' गेला आणि मी "मंगळवार संपल्यावर उजाडतो तो" असं म्हणून वेळ मारून नेली. 'साठी बुद्धी नाठी' म्हणाल, पण मला साठ पुरी व्हायला अजून अकरा महिने आहेत, तेव्हा ही म्हण मला लागू नाही. आणि गंमत बघा. मी अडखळले की सगळा वर्ग पुढे सरसावायचा. लाजरेबुजरे लोक बाकावरून उठून मला शब्द देऊ लागले, एकमेकांशी इंग्रजीत भांडू लागले. तोंडी परीक्षेला बसलेले सगळेच्या सगळे पास झाले (शिंपीकाका बसलेच नाहीत), असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एकोणतीस वर्षं मला सगळे शब्द येत होते, तेव्हा ते माना खाली घालून बसायचे. माझे शब्द जायला लागले तसे ते बोलायला लागले. याचा मला आनंद झाला की रडू आलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही, पाळीपाळीने.

निकाल लागल्यावर फाईलबाईने ठरवलं की माझं प्रात्यक्षिक चाळीस शिक्षकांसमोर करायचं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण कौतुकाला भुलणं हा आपल्या घराण्याचा रोग आहे (दादाने एका शाबासकीपायी सगळ्या गल्लीचे रेडिओ फुकट दुरुस्त केले होते, आठवतं ना?). एका पिशवीत आठ वस्तू घेतल्या. एकेक काढायची, नाव न घेता वर्णन करायचं, माझे विद्यार्थी ओळखणार. आठही नावं मी तळहातावर लिहून ठेवली. याच गुन्ह्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी दोघांना परीक्षेतून उठवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसं. पण पाषाणही कोरडा राहिला नाही, हाताला घाम आला.

सात वस्तू झाल्या. सभागृह खूश होतं. आठवी काढली, छान वर्णन केलं, आणि फाईलबाई मध्येच उठून म्हणाली, "या वेळी विद्यार्थ्यांनी थांबा. शेवटचा शब्द खुद्द बाई सांगतील." मी तळहात बघितला, तिथे निळा डाग होता. हातात ती वस्तू होती. मला ती दिसत होती, तिचं वजन कळत होतं, ती काय करते ते मी आत्ताच चाळीस माणसांना सुरेख इंग्रजीत सांगितलं होतं, आणि तिचं नाव जगात कुठेच नव्हतं. चाळीस पेनं वर तयार होती. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने 'विराम' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या मला उलट्या बाजूने दिसल्या. मला वाटलं, आता मी इथेच उभी राहणार, हे लोक चहा पिऊन घरी जातील, झाडूवाली येईल आणि मी तशीच उभी असेन.

तेव्हा शेवटच्या बाकावरून शिंपीकाका उठले. तीन महिने न बोललेला माणूस, पण चालत सरळ पुढे आला, माझ्या हातातली कात्री काढून घेतली, तिचं इंग्रजी नाव सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं चुकीच्या उच्चारात मोठ्याने म्हणाला, आणि मराठीत पुस्ती जोडली, "माफ करा मंडळी, माझंच हत्यार आहे, राहवलं नाही." लोक खो खो हसले. फाईलबाई चिडली, तिच्या फाईलमध्ये 'एका विद्यार्थ्याचा उतावीळपणा' अशी नोंद झाली असेल. मला मानपत्र मिळालं. काकांना काही मिळालं नाही.

जिन्यात ते माझी वाट बघत होते. मी आभार मानायच्या ऐवजी त्यांचा उच्चार दुरुस्त केला. (माझा स्वभाव तुम्हाला सांगायला नको.) त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि मग विचारलं, "बाई, घरी कोण असतं?"

"कशाला?"

"माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

मी म्हटलं, उगाच काहीतरी अंदाज बांधू नका.

"अंदाजच आहे," ते म्हणाले. "अडलं की शेजारचं बघायचं, तुम्हीच सांगितलंत. मी तीन महिने शेजारचं बघतोय."

मी म्हणाले की मी एकटी असते आणि मला तेच आवडतं. ते बरं म्हणाले आणि माझ्या पुढे दोन पायऱ्या राहून, कठडा न धरणाऱ्या बाईला सावरायच्या बेताने, खाली उतरले. वर्गात मी ज्याला तीन महिने मठ्ठ समजत होते तो एकटाच धडा शिकला होता, हे मला त्या जिन्यात कळलं.

तर असा हा विजय. मानपत्र कपाटावर ठेवलंय, त्यावर माझं नाव बरोबर छापलंय. वर्ग चालू आहे. बाकी काळजी करण्यासारखं काही नाही, जरा दगदग झाली एवढंच. दादाला नमस्कार, गुडघ्याला (डाव्या) आराम पडो.

तुमची,
मास्तरीण

ता. क. दादाला पत्र वाचून दाखवाल तेव्हा बसचा भाग सावकाश वाचा, त्याला आवडेल. मंगळवारच्या फळ्यापासून पुढे वाचू नका. "पत्र एवढंच आहे" असं सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, पण या वयात एखादी नवी गोष्ट शिकायला हरकत नाही.

ता. क. २. दगदग नाही. मी डॉक्टरांकडे गेले होते. शिंपीकाका सोबत आले आणि बाहेर बाकावर बसून कुणाचा तरी सदरा टाचत होते. डॉक्टर तरुण आहे, गोड आहे. त्याने मला मिनिटभरात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला सांगितली. मी अकरा सांगितली, पण त्यात गाय तीनदा आली. घड्याळ काढायला सांगितलं, तर माझे सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले. मग तो बोलू लागला. वयानुसार काही बदल होतात, काहींच्या बाबतीत ते थोडे अधिक असतात, वगैरे. मला हसू आलं. मी म्हटलं, बाळ, वळसा घालू नकोस, मी हाच विषय शिकवते, शब्द सांग. त्याने खाली बघत सांगितला. इतके शब्द जातात, पण तो काही अजून गेलेला नाही. बाबांच्या वेळी तुम्हा दोघांना सांगितला होता, तोच.

ता. क. ३. हे लिहायचं म्हणून आठ पानं झाली. वहिनी, बाबा तुमच्याकडे सहा वर्षं होते आणि मी रविवारी येत होते. येताना चित्रांचे पत्ते आणायचे, आणि त्यांना समोर बसवून चमचा, दिवा, खुर्ची असं घोकून घ्यायचे. मला वाटायचं, मनावर घेतलं तर येतं, बाबा कंटाळा करतात. एका रविवारी तुम्ही त्यांचं डोकं धुऊन त्यांना खिडकीशी बसवलं आणि काहीतरी बघायला आत गेलात. केसांतलं पाणी त्यांच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "ते दे ना, ते." टॉवेल माझ्या हातात होता. मी म्हणाले, "काय देऊ? नाव सांगा, मग देते." ते पुन्हा "ते" म्हणाले. मी पुन्हा विचारलं. किती वेळा विचारलं ते मला आठवत नाही असं लिहिणार होते, पण आठवतं. पाच वेळा. ते थंडीने कापत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, शब्द तिथे सापडेल असं वाटून. तुम्ही बाहेर आलात, माझ्या हातातून टॉवेल घेतलात आणि त्यांचं डोकं पुसलंत. मला एक शब्द बोलला नाहीत. तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही. आणि मी त्याच दिवशी दादाला सांगितलं की वहिनी त्यांचे लाड करतात, म्हणून ते बिघडतात. ते तुमच्या कानावर आलंच असेल.

डॉक्टर म्हणतो, आता एकटीने राहायचं नाही. पुढच्या महिन्यात मी वर्ग सोडते. मला तुमच्याकडे येऊ द्याल का? बाबांची खोली नको, स्वयंपाकघराशेजारची चालेल, आवाज येत राहतील. मला कसलीही युक्ती नको. फक्त एक करा. मी "ते द्या" म्हणाले, तर नाव विचारू नका. आणि एखाद्या दिवशी तुम्हाला तो रविवार आठवला आणि विचारावंसं वाटलं, तर विचारा, तुमचा हक्क आहे, मी रागावणार नाही. पण टॉवेल आधी द्या.